पाव किलो कॉफी

नातू सम्यक दहावी पास झाला त्या वर्षी, म्हणजे २०२३च्या जूनमध्ये, कुंडलिकने कॉफीचा डबा उघडला आणि तो घाबरला. डबा अर्धा भरलेला होता.

तो रिकामा असायला हवा होता. पाव किलो पूड, घरात माणसं दोन, सकाळी एकेक ग्लास. बरोबर महिना जायचा. वागळे इस्टेटच्या कारखान्यात असताना कँटीनच्या अण्णाने त्याला ही फिल्टरची चव लावली होती. आता पेन्शन तुटपुंजी होती, तरी चिकोरी घातलेली स्वस्त पूड त्याने घरात येऊ दिली नाही. त्यापायी पान सोडलं. पेपर शेजारच्या भीमाबाईंकडचा वाचायचा. ठाकुर्लीहून डोंबिवलीच्या दुकानात रिक्षा न करता चालत जायचा.

मग डबा अर्धा कसा? आपण दोनदा पूड आणली आणि विसरलो?

त्याचा धाकटा भाऊ धाकू असाच विसरायला लागला होता. घरातून निघून गेला आणि दोन दिवसांनी खोपटच्या डेपोत सापडला. उभ्या बसमध्ये बसून होता. नाव विचारलं तर हसायचा.

कुंडलिक तडक दुकानात गेला. प्रीती पूड दळत होती.

"पोरी, गेल्या महिन्यात मी कितीदा आलेलो?"

"एकदाच आलेलात, काका. का हो, छत्री विसरलात काय?"

तो आणखीच गोंधळला. एकदाच आणली, तर उरली कशी? आपण कॉफी पितो, की पितो असं नुसतं वाटतं आपल्याला?

घरी त्याची बायको जाईबाई तांदूळ निवडत बसली होती. त्याने विचारलं, "अगं, रोज सकाळी मी कॉफी पितो ना?"

"नाही. मी नाक दाबून पाजते."

एरवी तो हसला असता. दुसऱ्या दिवसापासून कॉफी प्यायल्यावर तो कॅलेंडरवर पेन्सिलने रेघ मारू लागला. चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी रेघ होती, पण ती कॉफीच्या आधी मारली की नंतर, ते त्याला सांगता येईना. तो खुर्चीत बसून राहिला.

सहाव्या दिवशी जाईबाईने नेहमीसारखे दोन ग्लास आणून ठेवले. फिल्टर तीच लावायची, दूधही तीच तापवायची. तेवढ्यात भीमाबाईंनी गॅलरीतून हाक मारली, "जाई, सिलिंडरवाला आलाय गं!" ती उठून गेली. दोन्ही ग्लास स्टीलचे, सारखेच. कुंडलिकने न बघताच हाताला आला तो उचलला आणि घोट घेतला.

काहीच चव नव्हती.

आता जीभही गेली, त्याला वाटलं. त्याने दुसरा ग्लास तोंडाला लावला. त्यात कॉफी होती. दाट, कडू, नेहमीची.

जाईबाई परत आली तेव्हा तो दोन हातांत दोन ग्लास धरून बसला होता.

"हे काय आहे?"

"गरम पाणी." ती खाली बसली. "डॉक्टरांनी कॉफी बंद केलीय. महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीपण सोडली असती. जन्मात एवढी एकच चैन केलीत."

कुंडलिक हसायला लागला. इतका हसला, की ग्लासातलं पाणी लेंग्यावर सांडलं.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे! जाई, माझं डोकं शाबूत आहे!"

"कधी होतं ते शाबूत?" म्हणत तीही हसली.

त्याने डोळे पुसले. छाती हलकी झाली होती. मग त्याला विचारायचं सुचलं.

"पण डॉक्टरांनी बंद का केली?"

तिने त्याच्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घेतला.

"आधी ती प्या. निवेल."

जाईबाई त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, हृदयाच्या दुखण्याने वारली.