जुन्या नावाचा मेल

सुदर्शनच्या इनबॉक्समध्ये हजारो मेल साचले होते आणि एकेक उघडून पुसणं त्याच्या जिवावर यायचं. शहराचं नाव बदललं तशी त्याला युक्ती सुचली. ज्या मेलमध्ये ‘औरंगाबाद’ असेल तो जुना. तो आपोआप अर्काइव्हमध्ये, म्हणजे मोबाइलच्या माळ्यावर, जावा, अशी सेटिंग त्यानं करून टाकली. "याला डोकं लागतं," असं त्यानं बायकोला, सुरेखाला, दोनदा ऐकवलं.

पुढं सुरेखाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा छावणी भागातल्या एका लॅबमध्ये तपासायला दिला. रिपोर्ट मेलवर येणार होता, तो काही दिसला नाही. "वाईट असतं तर फोन आला असता," सुदर्शन म्हणाला. सगळ्यांना पटलं, फुकटचा दिलासा कोण नाकारतो?

वर्षभरात सुरेखा गेली. तेरावं उरकून तिचा भाऊ साहेबराव सुदर्शनला घेऊन थेट लॅबवर धडकला. "बहीण गेली माझी! रिपोर्ट का नाय पाठवला?"

काउंटरवरची प्रेरणा रडकुंडीला आली. "पाठवला होता, दादा. पण आमच्याकडचे जुने मेल आपोआप पुसले जातात, आता काय दाखवू?"

तिच्या मागं लॅबची पाटी होती. पाटीवरचा पत्ता अजून औरंगाबादचाच होता. सुदर्शननं गुपचूप मोबाइल काढून अर्काइव्ह उघडलं. रिपोर्ट तिथंच होता, न वाचलेला.

"दाजी, तुम्हीच सांगा हिला," साहेबराव गरजला. "आला होता का मेल?"



सुदर्शननं मेल कायमचा पुसला आणि मोबाइल प्रेरणापुढं धरला, "घ्या ताई, तुम्हीच शोधा."