डिस्कचं बरं

डिजिटल नाणी काढायला विभावरीचं डोकं भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी दोन्ही पद्धती शांतपणे तोलून पाहिल्या.

"ग्राफिक्स कार्डाचं काम दिलं की मेंदू सारखी आकडेमोड करत बसतो. पलीकडच्या कुंदाच्या सुनेचा ताप उतरत नाही, पोळ्या कुंदाच लाटते. त्यापेक्षा हार्डडिस्कचं बरं. नुसती जागा द्यायची. डोकं थंड, हात कामाला मोकळे."

जागा द्यायची म्हणजे आठवणी पुसायच्या. जी आठवण रोज वापरात नसते ती आधी जाते, असं यंत्र बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं. विभावरीने मनाशी नेम धरला. रोज अंघोळ करून तुळशीपुढे बसायचं आणि वसतिगृहात राहणाऱ्या लेकीच्या नावाची माळ ओढायची. अन्विता, अन्विता. नामात सगळं येतं, अशी तिची श्रद्धा होती. माहेर पुसलं गेलं, लग्न पुसलं गेलं. नेम मात्र एक दिवस चुकला नाही.

दिवाळीच्या सकाळी ती माळ ओढत होती, तेव्हा एक मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. "आई, कशी आहेस?"

"ये गं बाळ, बस," विभावरी मायेने म्हणाली. "माझी अन्विता येईलच इतक्यात. तुझ्याएवढीच आहे."

मुलगी रडवेली होऊन सासूबाईंकडे वळली. "आजी, हिला नाव तरी आठवतंय ना माझं?"

"हो ना," विभावरीच्या हातातली माळ अलगद काढून घेत सासूबाई म्हणाल्या, "तेवढीच जागा अडलीये बघ."