आप्पा झोपलेत

ऋजुताच्या मनाची प्रत यंत्रदेहात बसून चार वर्षं नॉर्वेला शिकली. ऋजुता स्वतः मिरजेत घरीच राहिली. हल्ली सगळ्यांचीच मुलं अशी परदेशी शिकतात. आज सकाळी पदवी मिळाली आणि प्रतीच्या सगळ्या आठवणी ऋजुताच्या डोक्यात उतरवल्या गेल्या.

घरी प्रतीचं पार्सल येऊन पडलं होतं. आत आप्पांसाठी कानटोपी होती, हे तिला न उघडताच माहीत होतं. तिनेच तर विणली होती.

मग गेल्या वर्षीचा तो फोन आठवला.

"आप्पा कुठायत गं?"

"झोपलेत. तू अभ्यास कर."

विचारणारीही तीच होती आणि सांगणारीही तीच. तेव्हा आप्पांचा दहावासुद्धा झाला नव्हता. "परीक्षा तोंडावर आलीय तिची, काही कळवायचं नाही," असं आईने बजावलं होतं. पुढे एकामागून एक परीक्षा येतच राहिल्या.

आई शेजारी येऊन बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झाल्या ना परीक्षा? आता रड, बाळा."

ऋजुताला रडू येईना. मिरजेतली केव्हाच रडून मोकळी झाली होती, आणि नॉर्वेतली अजून आप्पा उठायची वाट बघत होती.