नमुन्याला हात

त्र्याऐंशी साली पोखर्णीजवळच्या टेकाडावर खोदकाम चाललं होतं. हजारो वर्षांपूर्वीची चूल सापडली ती मजुरीवरच्या कडूबाईला. तिनं कोळशाकडं बोट नेलं, तसे खोदकामाचे प्रमुख मार्तंड सर खेकसले, "हात लावू नकोस! कार्बन चाचणीला जायचाय तो. बाटला, तर वय चुकेल त्याचं."

सरांनी चिमट्यानं कोळसा पिशवीत भरला. जिनं ही चूल पेटवली तिनं काय चिमट्यानं सरपण लावलं असंल, असं कडूबाईच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. तेवढ्यात सरांनी खिशातून पुडी काढली, डोळे मिटले आणि नरसिंहाचा चिमूटभर अंगारा त्याच पिशवीत सोडला.

"सर, ही राख तर आजची हाय की!" कडूबाई म्हणाली.

"तुला काय कळतंय? यश येतं त्यानं."

चार महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं, 'नमुन्यात ताजी राख मिसळली आहे. वय सांगता येत नाही.'



सरांनी उलटटपाली कळवलं, 'अडाणी बायांनी हात घातला असणार. पुढच्या वर्षी त्यांना कामावर घेणार नाही.'