पाव्हणी

ग्रंथालयाच्या जुन्या संग्रहात संशोधक संध्याला कागदावर चिकटवलेलं एक वाळलेलं रोप मिळालं. खाली औरंगाबादचा पत्ता आणि शंभर वर्षांपूर्वीची तारीख होती. त्यानंतर ही वनस्पती कुणाला दिसल्याची नोंदच नव्हती.

आणि ती सापडली कुठं, तर शेजारच्याच वनस्पती उद्यानात, पाण्याच्या टाकीमागं. वीतभर उंच, एकुलती एक, फुलावर आलेली. बागेत काम करणाऱ्या चंपाबाई तिला रोज तांब्याभर पाणी घालायच्या.

"कुणी लावली नाय, आपसूक आली. पाव्हणी हाये आमची."

संध्यानं तिच्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवले. लगेच फोन आला.

"फोटोनं काही सिद्ध होत नाही. मुळासकट वाळवलेला नमुना लागतो."

"सर, एकच रोप आहे."

"तिथं पार्किंगसाठी सोमवारी जेसीबी येतोय. नमुना हातात असेल, तरच मला काम थांबवता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई तांब्या घेऊन आल्या. टाकीमागं नुसता खड्डा होता. शेजारी संध्या मुळं बाहेर डोकावणारी वर्तमानपत्राची घडी दोन्ही हातांनी दाबून बसली होती.

"पाव्हणी गेली व्हय, ताई?"

"नाही, मावशी," संध्या म्हणाली. "सापडली."