कच्चं हाड

"म्या पिशवी काढणार न्हाई," सून शेवंता म्हणाली, तसा सासऱ्याने, दगडूने, कोयत्याचा दांडा उचलला. त्याच्या बायकोने, केशरने, सुनेला मागे ढकललं आणि दांडा स्वतःच्या हातावर घेतला. हाड काडकन मोडलं. तरी तो मारतच राहिला. शेजारच्या कोपीतली, उसाच्या पाचटाच्या झोपडीतली, माणसं धावून आली, तेव्हा कुठे थांबला.

दवाखान्यात "पाय घसरून पडली," असं त्यानेच सांगितलं. केशर खाली मान घालून बसली.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला. "चाळिशीत सत्तरीची हाडं. गर्भपिशवी कधी काढली?"

"पंचविशीत. तीन लेकरं झाली व्हती. पाळी आली की ऊसतोडीला खाडा पडायचा, म्हणून ह्यांनीच काढायला लावली."

"सोबत अंडाशयंही काढली असणार. त्यानेच हाडं ठिसूळ झाली."

दगडूचा चेहरा खुलला. "म्हंजी हाडच कच्चं व्हतं. म्या काय येवढ्या जोरानं हाणलं नव्हतं."

केशरने मान वर केली. दाराशी शेवंता पोटावर हात धरून उभी होती.

"बाई, पोलिसांना बोलवा," केशर म्हणाली. "माझं मोडायचं ते मोडलं. हिचं अजून शाबूत हाय."