ड्रायव्हरच्या सीटमागचं ठिगळ

एकाहत्तरच्या लढाईत स्वतः चालवलेला लष्कराचा ट्रक श्रीकृष्णरावांनी लिलावातून घरी आणला, वर त्याला एसी बसवायला काढला, तेव्हा शालिनीताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, या खटाऱ्याला कसला गारवा?"

"गाणगापूरला जायचंय ना? बडोद्याचं ऊन आणि तुझा निर्जळी गुरुवार. वाटेत भोवळ येऊन पडशील."

त्या गुरुवारालाही हाच ट्रक कारण होता. ताईंनी दिलेला दत्ताचा फोटो ट्रकमध्ये खाली पडला, असं श्रीकृष्णराव लढाईनंतर रजेवर आल्यावर सहज बोलून गेले होते. देव जमिनीवर पडला म्हणून ताईंनी जे व्रत धरलं, ते आजतागायत सुटलं नव्हतं.

पाणीगेटच्या गॅरेजात ताई स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या आणि समोर दत्ताचा नवा फोटो गोंदाने घट्ट चिकटवू लागल्या. एसीच्या पाईपसाठी भोक पाडायला मिस्त्रीने ड्रिल उचललं.

"काका, पाईप माटे होल क्यां पाडुं?"

"पाडू नकोस. सीटच्या मागे पत्र्याचं ठिगळ आहे, ते काढ. त्याखाली भोक तयार आहे."

ठिगळ निघालं. ताईंनी मान वळवली. भोक बरोबर त्यांच्या डोक्यामागे होतं.

"हे... गोळीचं?"

श्रीकृष्णरावांनी मान डोलावली.

ताईंच्या हातातली गोंदाची बाटली निसटली. "अहो, मग तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. तुझा दत्त पडला होता ना, तो उचलायला खाली वाकलो होतो."